इत्स्कोआत्ल: अ‍ॅझ्टेक साम्राज्याचा पाया घालणारा राजा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अ‍ॅझ्टेकांबद्दल मराठीत जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक शेवटाबद्दलचं असतं: स्पॅनिश सेनानी कोर्तेस, त्याला सामोरा गेलेला राजा मोक्तेसुमा आणि १५२१ चा पाडाव. पण जे साम्राज्य स्पॅनिश लोकांनी पाहिलं, ते उभं राहिलं त्याच्या ९० वर्षं आधी, एका दासीपुत्र राजाच्या १३ वर्षांच्या कारकिर्दीत. त्या राजाबद्दल वाचकांना पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. नावं नावात्ल या अ‍ॅझ्टेकांच्या भाषेतल्या उच्चारांच्या जवळ ठेवली आहेत, त्यामुळे इंग्रजी स्पेलिंगवरून वाचलेल्या नावांपेक्षा ती थोडी वेगळी दिसतील.

इत्स्कोआत्ल नेमका कोण?

तेनोच्तित्लानचा चौथा राजा. १४२७ च्या सुमारास गादीवर आला आणि १४४० मध्ये वारला. तेनोच्तित्लान म्हणजे आजच्या मेक्सिको सिटीच्या मध्यभागाखाली गाडलं गेलेलं शहर. तेव्हा ते तेश्कोको सरोवरातल्या एका बेटावर वसलेलं होतं. तिथले लोक स्वतःला मेशिका म्हणवत. ‘अ‍ॅझ्टेक’ हे नाव पुढच्या अभ्यासकांनी रूढ केलं. जुन्या चित्रपोथ्यांमध्ये इत्स्कोआत्ल ओळखायला सोपा आहे. त्याच्या डोक्यामागे एक साप काढलेला असतो आणि सापाच्या पाठीवर ज्वालामुखीच्या काळ्या काचेची पाती ओळीने उभी असतात.

दासीपुत्र असूनही त्याला गादी कशी मिळाली?

त्याचा बाप आकामापिच्त्ली हा मेशिकांचा पहिला राजा. आई मात्र राणी नव्हती. बखरींमध्ये ती दासी म्हणून येते, आणि एका परंपरेनुसार ती अस्कापोत्साल्कोची भाजी विकणारी बाई होती. त्यामुळे बापानंतर गादी सावत्र भावाकडे, वित्सिलिवित्लकडे गेली आणि त्याच्यानंतर त्याच्या मुलाकडे, चिमालपोपोकाकडे. म्हणजे आधी भाऊ राजा झाला, मग पुतण्या. या सगळ्या काळात इत्स्कोआत्ल फौजेत होता आणि लढाईतला अनुभवी माणूस म्हणून त्याचं नाव झालं होतं.

मेशिकांकडे थोरल्या मुलालाच गादी असा नियम नव्हता. राजघराण्यातल्या कर्त्या पुरुषांमधून एकाची निवड व्हायची. चिमालपोपोका मेला तेव्हा शहरावर संकट उभं होतं. अशा वेळी पोरसवदा वारसापेक्षा चाळिशी ओलांडलेला, रणांगण पाहिलेला माणूस लोकांना हवा होता. आईचं कुळ मागे पडलं. शांततेचा काळ असता तर ही निवड झाली असती का, याची मला दाट शंका आहे.

तेव्हा तेनोच्तित्लान किती बलवान होतं?

फारसं नाही. शहराची स्थापना परंपरेने १३२५ ची मानतात, आणि पहिली १०० वर्षं ते दुसऱ्याचं मांडलिक होतं. सरोवराच्या पश्चिम काठावर अस्कापोत्साल्को हे तेपानेक लोकांचं शहर होतं आणि तिथला राजा तेसोसोमोक हा त्या काळातला सगळ्यात धूर्त आणि दीर्घायुषी सत्ताधीश. मेशिका त्याला खंडणी भरत आणि त्याच्या युद्धांत त्याच्या बाजूने लढत.

खंडणीच्या मागण्या कशा असत, याची एक कथा दुरान या डॉमिनिकन पाद्र्याने नोंदवली आहे. मेशिकांनी पिकांनी भरलेला एक वाफा पाण्यावरून तरंगत आणायचा, त्यावर एक बदक आणि एक बगळा अंड्यांवर बसलेले असायचे आणि वाफा अस्कापोत्साल्कोला पोचताक्षणी पिल्लं बाहेर यायची, असा हुकूम होता. कथा दैवी चमत्काराच्या अंगाने जाते. तरी मांडलिकाला कसं वागवत, हे तिच्यातून चांगलं कळतं.

पुढे तेसोसोमोकने आपली मुलगी वित्सिलिवित्लला दिली. तिला मुलगा झाल्यावर खंडणी मासे, बेडूक, बदकं अशी नावापुरती उरली. तो मुलगा म्हणजे चिमालपोपोका.

चिमालपोपोकाला कोणी मारलं?

तेसोसोमोक १४२६ मध्ये वारला आणि अस्कापोत्साल्कोत भाऊबंदकी माजली. त्याने नेमलेल्या वारसाला बाजूला सारून दुसरा मुलगा माश्त्ला गादीवर बसला. माश्त्ला हा चिमालपोपोकाचा सख्खा नाहीतर सावत्र मामा. आजोबा होते तोवर भाच्याला संरक्षण होतं. मामाला त्याच्याबद्दल काही ममत्व नव्हतं. त्यात मेशिकांनी चापुल्तेपेकच्या झऱ्याचं पाणी शहरात आणण्यासाठी पक्का पाट बांधायला लाकूड, दगड आणि चुना मागितला होता. तेपानेक सरदारांना ती मागणी उद्धट वाटली.

यानंतर थोड्याच काळात चिमालपोपोका मेला. कसा, यावर बखरींचं एकमत नाही. एक सांगते, तेपानेक मारेकरी रात्री वाड्यात शिरले. दुसरी सांगते, माश्त्लाने त्याला पिंजऱ्यात कोंडलं आणि त्याने तिथेच जीव दिला. तिसरा प्रवाह आणखी बोचरा आहे: त्याला संपवण्यामागे खुद्द इत्स्कोआत्लच्या गोटातले लोक होते, कारण तो तेपानेकांचा नातू होता आणि युद्धाच्या आड येत होता. काही आधुनिक अभ्यासक ही शक्यता गांभीर्याने घेतात. मलाही ती झटकून टाकता येत नाही. त्या मृत्यूचा सगळ्यात जास्त फायदा कोणाला झाला, हे उघड आहे.

मग युद्ध कसं पेटलं?

इत्स्कोआत्ल गादीवर येताच माश्त्लाने बेटाकडे जाणारे रस्ते अडवले. शहरात घबराट पसरली. दुरानच्या बखरीत सामान्य लोक म्हणतात की आपल्या देवाला, वित्सिलोपोच्त्लीला, उचलून अस्कापोत्साल्कोला जाऊ आणि शरण जाऊ. राजाने दरबारात विचारलं, शत्रूकडे बोलणी करायला कोण जातो? कोणी पुढे येईना. शेवटी त्याचा पुतण्या त्लाकाएलेल उभा राहिला.

पुढचा प्रसंग बखरीत बारकाईने आला आहे. त्लाकाएलेल पहारेकऱ्यांना समजावून आत गेला आणि माश्त्लाला विचारलं की तुम्ही आम्हाला पोटाशी धरणार की नाही. माश्त्ला म्हणाला, मी माझ्या लोकांशी बोलतो, उद्या ये. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: लोकांना युद्ध हवं आहे. तेव्हा त्लाकाएलेलने बरोबर आणलेलं काळं डांबर काढलं, प्रेताला माखतात तसं माश्त्लाच्या अंगाला माखलं, डोक्याला पिसं लावली आणि हातात ढाल व बाण दिले. युद्ध पुकारण्याची ती रीतच होती, आणि माश्त्लाने ती निमूटपणे करून घेतली. वर त्यानेच त्लाकाएलेलला सांगितलं की मुख्य वाटेने जाऊ नकोस, तिथे तुला मारायला माणसं बसली आहेत. मागच्या भिंतीच्या भोकातून निघून जा.

सरदार आणि सामान्य लोकांमध्ये करार झाला होता म्हणतात, ते खरं का?

बखर सांगते ती गोष्ट अशी. युद्धाला घाबरलेल्या लोकांना सरदार म्हणाले, आम्ही हरलो तर आम्हाला फुटक्या खापरांत घालून खा. लोकांनी उत्तर दिलं, तुम्ही जिंकलात तर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तुमची सेवा करू, तुमची घरं बांधू, तुमची ओझी वाहू, तुम्हाला खंडणी देऊ. सरदार जिंकले.

असा करार प्रत्यक्षात झाला असेल, असं मला वाटत नाही. बऱ्याच इतिहासकारांचंही मत असंच आहे: विजयानंतर सरदारांनी जे हक्क बळकावले, त्यांना मागाहून दिलेलं हे समर्थन आहे. मात्र गोष्ट बनावट असली तरी तिच्यामागचा बदल खरा आहे. १४२८ च्या आधी मेशिका समाजात सरदार आणि रयत यांच्यातलं अंतर बेताचं होतं. नंतर ते झपाट्याने वाढलं, आणि रयतेने ते राजीखुशीने मान्य केलं असं दाखवणारी गोष्ट दरबाराला सोयीची होती.

एवढ्या बलाढ्य अस्कापोत्साल्कोला मेशिकांनी हरवलं कसं?

एकट्याने नाहीच. लढाईत उतरण्याआधी माश्त्लाचे सगळे शत्रू एका बाजूला गोळा करण्यात इत्स्कोआत्लची खरी हुशारी दिसते.

पहिला साथीदार नेसावालकोयोत्ल. हा सरोवराच्या पूर्वेकडच्या तेश्कोकोचा राजपुत्र. तेसोसोमोकच्या माणसांनी १४१८ मध्ये त्याच्या बापाला मारलं, आणि पोरगा झाडात लपून ते पाहत होता असं परंपरा सांगते. त्यानंतरची कित्येक वर्षं त्याने पूर्वेकडच्या डोंगरांपलीकडे त्लाश्काला आणि वेशोत्सिंको भागात, लपतछपत आणि मित्र जोडत काढली. त्याची आई मेशिका, इत्स्कोआत्लची पुतणी. म्हणजे नात्याने इत्स्कोआत्ल त्याचा आजोबाच लागत होता. नेसावालकोयोत्लने त्लाश्काला आणि वेशोत्सिंको इथल्या फौजा आणल्या.

दुसरा साथीदार अनपेक्षित होता. त्लाकोपान हे खुद्द तेपानेकांचंच शहर, पण माश्त्लावर नाराज. ते ऐन वेळी मेशिकांच्या बाजूला आलं. भाऊबंदकीने पोखरलेल्या घरातली एक बाजू फोडली की निम्मं काम होतं.

१४२८ मध्ये अस्कापोत्साल्कोला वेढा पडला आणि एका बखरीप्रमाणे तो जवळपास ४ महिने चालला. दुरानच्या वर्णनात इत्स्कोआत्लच्या खांद्याला एक लहान ढोल बांधलेला आहे, आणि तो वाजवून तो स्वतः हल्ल्याची खूण देतो. शहर पडलं आणि लुटलं गेलं.

माश्त्लाचं काय झालं?

तेश्कोकोची परंपरा सांगते की तो वाफेच्या स्नानगृहात, म्हणजे तेमास्कालमध्ये, लपलेला सापडला आणि नेसावालकोयोत्लने त्याला मारलं. इतर ठिकाणी तो कोयोआकानकडे किंवा त्याही पलीकडे पळाल्याचं येतं. तेपानेक सत्ता मात्र तिथेच संपली.

तिघांची युती म्हणजे काय, आणि ती महत्त्वाची का?

तेनोच्तित्लान, तेश्कोको आणि त्लाकोपान या तीन शहरांनी ठरवलं की पुढच्या मोहिमा मिळून करायच्या आणि येणाऱ्या खंडणीची वाटणी करायची. ठरलेलं प्रमाण साधारण असं सांगतात: पाचातले दोन वाटे तेनोच्तित्लानला, दोन तेश्कोकोला, एक त्लाकोपानला. ज्याला आपण अ‍ॅझ्टेक साम्राज्य म्हणतो ते औपचारिकपणे हेच.

त्या खोऱ्यात आघाड्या नव्या नव्हत्या. विजय मिळाला की त्या मोडत, हीच रीत होती. इत्स्कोआत्लची आघाडी टिकली, ती थेट स्पॅनिश येईपर्यंत. माझ्या मते कारण त्लाकोपानला दिलेल्या वाट्यात आहे. हरलेल्या तेपानेकांना पुरतं चिरडण्याऐवजी त्यांच्यातल्याच एका शहराला, लहान का होईना, राजमान्य भागीदार केलं. सूड घेण्याचं कारणच काढून घेतलं. तेश्कोकोच्या बाबतीतही तसंच: नेसावालकोयोत्लचा राज्याभिषेक १४३१ मध्ये झाला आणि त्याच्या बापाचं राज्य त्याला परत मिळालं. पुढची ४० वर्षं तो मेशिकांचा भरवशाचा दोस्त राहिला.

जिंकलेल्या गावांचा कारभारही याच धोरणाने चाले. तेश्कोकोच्या बखरी याचं श्रेय नेसावालकोयोत्लला देतात: पराभूत राजांना त्यांच्या गाद्यांवर परत बसवा, खंडणी घ्या, कारभार त्यांनाच करू द्या. यामुळे कमी माणसांत मोठा मुलूख सांभाळता आला. याची दुसरी बाजू अशी की मांडलिकांची निष्ठा कधीच पक्की झाली नाही. मांडलिक नसलेले जुने मित्रही दुरावले: १४२८ मध्ये ज्या त्लाश्कालाने मदत केली, तेच पुढे मेशिकांचं कट्टर वैरी झालं आणि १५१९ नंतर हजारो योद्धे घेऊन कोर्तेसच्या बाजूला उभं राहिलं.

अस्कापोत्साल्कोनंतर त्याने काय जिंकलं?

स्पॅनिश अमलात मेशिका चित्रकारांनी काढलेल्या मेंदोसा चित्रपोथीत त्याच्या नावावर २४ गावं आहेत. प्रत्येक गावाच्या खुणेशेजारी जळतं, कोसळणारं देऊळ काढलेलं आहे. पाडाव दाखवायची मेशिका चित्रकारांची तीच पद्धत. त्याच्या आधीच्या चिमालपोपोकाच्या पानावर अशी फक्त दोन गावं आहेत.

सगळ्यांची यादी देण्यात अर्थ नाही. तीन महत्त्वाची. कोयोआकान हे तेपानेकांचं उरलेलं ठाणं. तिथल्या लोकांनी मेशिका सरदारांना मेजवानीला बोलावून बायकांचे कपडे घालून परत पाठवलं, आणि त्यावरून लढाई जुंपली असं बखर सांगते. कुआउनावाक म्हणजे आजचं कुएर्नावाका, दक्षिणेचे डोंगर ओलांडून खालच्या उबदार प्रदेशात. तिथे कापूस होतो. उंचावरच्या थंड खोऱ्यात होत नाही. पुढची कित्येक वर्षं तिथून कापडाची खंडणी येत राहिली.

आणि शोचिमिल्को, जे मला सर्वांत मोलाचं वाटतं. तिथे उथळ पाण्यात गाळ आणि पाणवनस्पतींचे थर रचून केलेली शेती होती, चिनांपा. कडेला विलोची झाडं लावून त्यांच्या मुळांनी वाफे धरून ठेवत, आणि कालव्यातला ओला गाळ वर ओढत राहिल्याने जमीन कधी थकत नसे. वर्षात एकाहून अधिक पिकं निघत. बेटावरच्या वाढत्या शहराला धान्य हवं होतं, आणि दक्षिणेचं हे कोठार हाती आल्यावरच तेनोच्तित्लान मोठं होऊ शकलं. हरलेल्या शोचिमिल्कोकरांना इत्स्कोआत्लने सरोवरातून थेट शहरापर्यंत रस्ता बांधायला लावला. त्याच दक्षिणेच्या रस्त्याने ८ नोव्हेंबर १५१९ ला कोर्तेस शहरात शिरला.

जिंकलेल्या जमिनी कोणाला मिळाल्या?

राजघराण्याला आणि सरदारांना. अस्कापोत्साल्कोच्या शेतजमिनी वाटल्या तेव्हा त्लाकाएलेलला सर्वांत मोठा वाटा मिळाला, बाकीच्या नामवंत योद्ध्यांना त्याखालोखाल. शहरातल्या वस्त्यांना, ज्यांना कालपुल्ली म्हणत, एकेक तुकडा मिळाला, तोही आपापल्या देवळाचा खर्च भागवण्यासाठी. साध्या शिपायांच्या हाती फारसं काही लागलं नाही. आधीच्या काळात सरदार वस्तीच्या पाठिंब्यावर अवलंबून असे. आता त्याच्याकडे स्वतःची जमीन होती आणि ती कसणारी हरलेल्या गावची कुळं होती. वस्तीला विचारायची गरजच संपली. इत्स्कोआत्लच्या कारकिर्दीचं कौतुक करताना ही गोष्ट वगळली तर ते कौतुक अपुरं राहतं.

त्याने जुन्या पोथ्या जाळल्या, हे खरं आहे का?

हो, असं खुद्द नावात्ल भाषकांनीच सांगितलं आहे. साहागुन या फ्रान्सिस्कन पाद्र्याने १६ व्या शतकात जाणत्या वृद्धांकडून माहिती गोळा केली. त्यांच्या सांगण्याचा आशय असा: पूर्वी इतिहास लिहून ठेवलेला होता, पण इत्स्कोआत्ल राज्य करत असताना तो जाळला. राजे आणि सरदारांनी ठरवलं की ही चित्रं सगळ्यांना ठाऊक असणं बरं नाही. त्यांत पुष्कळ खोटं आहे आणि त्याने रयत बिघडेल.

नेमकं काय जळलं? बहुधा ज्यात मेशिका हे भटके, उपरे, इतरांचे भाडोत्री लढवय्ये म्हणून दिसत होते ते, आणि ज्यात तेपानेकांचा मोठेपणा होता ते. कदाचित ज्यात दासीच्या मुलाला गादीवर हक्क नाही असं लिहिलं होतं, तेही. जागी आला तो नवा इतिहास. त्यात मेशिका हे त्यांच्या आधी होऊन गेलेल्या थोर तोल्तेक लोकांचे वारस आणि वित्सिलोपोच्त्लीचे निवडलेले लोक झाले.

या कृत्याचं समर्थन मला करवत नाही. शंभर वर्षांनी स्पॅनिश पाद्र्यांनीही पोथ्यांच्या होळ्या केल्या, आणि त्याबद्दल आपण त्यांना दोष देतो. मग इत्स्कोआत्ललाही तोच न्याय लावायला हवा. १४२८ पूर्वीचं जे काही आपण आज वाचतो, ते या आगीनंतर नव्याने लिहिलेल्या इतिहासातून, नाहीतर तेश्कोकोसारख्या शेजाऱ्यांच्या आठवणींतून गाळून आलेलं आहे.

सगळं त्लाकाएलेलनेच केलं आणि इत्स्कोआत्ल नामधारी होता, असंही वाचलं होतं.

तसं चित्र दुरान आणि तेसोसोमोक (राजा नव्हे, त्याच नावाचा नंतरचा बखरकार) यांच्या लेखनात येतं. दोघांनी वापरलेलं मूळ साधन एकच असावं, आणि त्यात त्लाकाएलेलचं पारडं फार जड आहे. तेश्कोकोच्या बखरींत मात्र तो जेमतेम दिसतो. तिथे नायक नेसावालकोयोत्ल. ज्याने त्याने आपल्या पूर्वजाला मोठं केलं. त्लाकाएलेल हा खरा, कर्तबगार माणूस होता आणि पुढे राजाच्या खालोखालचं पद त्याने अनेक वर्षं सांभाळलं, यात वाद नाही. पण १४२८ मध्ये तो तिशीतला तरुण होता. तीन शहरांच्या राजांना एकत्र बसवून वाटण्या ठरवणं आणि त्या पाळल्या जातील हे पाहणं, हे गादीवरच्या अनुभवी माणसाचं काम. माझा कौल इत्स्कोआत्लला.

नरबळी त्याने सुरू केले का?

नाही. मेसोअमेरिकेत, म्हणजे मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडच्या प्रदेशात, ती प्रथा त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून होती. त्याच्या काळात वित्सिलोपोच्त्ली हा एका टोळीचा देव होता तो राज्याचा देव होऊ लागला, आणि त्याच्या देवळाचा विस्तार झाला.

त्याच्यानंतर गादी कोणाकडे गेली?

पुतण्याकडे, पहिल्या मोक्तेसुमाकडे, १४४० मध्ये. इत्स्कोआत्लचा स्वतःचा मुलगा राजा झाला नाही. पण त्या मुलाचं लग्न मोक्तेसुमाच्या मुलीशी झालं आणि त्यांचे तीन मुलगे एकापाठोपाठ एक गादीवर बसले: आशायाकात्ल (१४६९), तिसोक (१४८१) आणि आउइत्सोत्ल (१४८६). कोर्तेसला सामोरा गेलेला दुसरा मोक्तेसुमा हा आशायाकात्लचा मुलगा, आणि १५२१ मध्ये शहर शेवटपर्यंत लढवणारा कुआउतेमोक हा आउइत्सोत्लचा. भाजीवालीच्या मुलाच्या वंशाने साम्राज्य अखेरपर्यंत चालवलं.

त्याच्या काळातलं आज काय पाहायला मिळतं?

मेक्सिको सिटीच्या सोकालो चौकालगत मुख्य देवळाचे अवशेष आहेत. १९७८ पासून एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या देखरेखीखाली तिथे उत्खनन झालं. देऊळ एकावर एक थर चढवून वाढवलेलं आहे. त्यातल्या तिसऱ्या टप्प्यावर ‘४ बोरू’ ही मेशिका पंचांगातली वर्षाची खूण कोरलेली सापडली. ती १४३१ धरतात, म्हणजे इत्स्कोआत्लची कारकीर्द. त्याच टप्प्याच्या पायऱ्यांवर निशाण धरणाऱ्या पुरुषांच्या आठ दगडी मूर्ती आडव्या टेकवून ठेवलेल्या मिळाल्या. शेजारच्या संग्रहालयात त्या जवळून पाहता येतात.

वेळ असेल तर मेट्रोने ताकुबाला जा. तेच जुनं त्लाकोपान, आणि तिकडे जाणारा मोठा रस्ता सरोवरातल्या जुन्या वाटेवरूनच गेलेला आहे. अस्कापोत्साल्को आता शहराचा एक भाग आहे आणि तिथल्या मेट्रो स्थानकाचं चिन्ह मुंगी आहे. शोचिमिल्कोतल्या चिनांपांवर आजही भाज्या आणि फुलं पिकतात. १९८७ पासून तो भाग जागतिक वारसा यादीत आहे. मेंदोसा चित्रपोथी मात्र मेक्सिकोत नाही, ती ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.